किल्ली-कुलपाचं काम शिकायला पुस्तक कोणतं घ्यावं?

नंदगडचा_मालक
नमस्कार मंडळी. नंदगडात आमचं लहानसं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, पत्रा, रंग आणि कुलपं. किल्ली हरवलेलं कुलूप घेऊन गिऱ्हाईक सारखं दारात उभं असतं. "मालक, तेवढं उघडून द्या की." आमच्याकडं त्याला औषध एकच, हातोडी. वर नवीन कुलूप खपतं, म्हणून धंद्याची तक्रार नाही. पण परवा एक आजी सासऱ्यांच्या वेळचं पितळी कुलूप घेऊन आल्या. फोडू काही दिलं नाही त्यांनी, पदरात बांधून तसंच परत नेलं.

भाच्यानं फिटरचा आयटीआय केलाय, कानस बरी चालते त्याची. दोघांनी मिळून हे काम शिकायचं म्हणतोय. तर एखादं कामाचं पुस्तक सांगा. मराठी किंवा कन्नड असेल तर उत्तम, इंग्रजी असेल तर चित्रं भरपूर पाहिजेत. हजाराच्या आसपास बसलं तर बरं. ऑनलाइन शोधलं तर ढीगभर नावं येतात आणि सगळीच म्हणे सर्वोत्तम.

कॅम्पातला_बाबू
वाचतोय. आमच्या हिच्या कपाटाचं काम आहे.

तिसरे_गेट
माफ करा, पण असा विषय उघड्यावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कुलूप उघडायची पुस्तकं दहा जणांनी वाचली तर एखादा तरी ती विद्या भलतीकडे वापरणारच. आमच्या टिळकवाडीत सुट्टीत बंद घरं फुटतात, त्याचं काय?

गणप्या_अनगोळ
काका, ती घरं पुस्तक वाचून फुटली की पहारीनं?

तिसरे_गेट
पहारीनं. पण मुद्दा तो नाही.

गणप्या_अनगोळ
मुद्दा तोच की हो. पहारीला प्रस्तावना लागत नाही.

उद्यमबागकर
मालक, पैसे घालवायच्या आधी एक फुकटचं वाचा. 'एमआयटी गाईड टू लॉक पिकिंग', १९९१ सालचं. लेखकानं 'टेड द टूल' असं टोपणनाव घेतलंय. नेटवर पीडीएफ मिळते, एका बैठकीत वाचून होते.

त्यात सगळा भर पिनांच्या कुलपावर आहे, म्हणजे दाराचं नाईट लॅच. आत पितळेचा दंडगोल, त्यात ओळीनं पाच-सहा भोकं. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना, वर स्प्रिंग. बरोबर किल्ली गेली की दोन पिनांमधला सांधा दंडगोलाच्या कडेला येतो आणि दंडगोल फिरतो. एवढं कुणीही सांगेल. पण किल्लीशिवाय ते उघडतंच का, याचं कारण त्या पुस्तकात मला पहिल्यांदा नीट सापडलं. पाच भोकं नेमक्या एका रेषेत पाडणारं मशीन अजून जन्माला यायचंय. कुठलं तरी भोक केसभर इकडं, कुठलं तिकडं. त्यामुळं दंडगोलाला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत. आधी एक अडकते, ती जागेवर बसली की दुसरी. पाच जणींशी एकदम भांडायचं नसतं, एकेकीला गाठायचं.

आमच्याकडं जॉब तपासताना दोन-चार शतांश मिलिमीटर इकडंतिकडं झाले तर सुपरवायझर आरडाओरडा करतो. कुलपाच्या कारखान्यात तेवढं सोडून देतात, आणि सगळी विद्या त्या सोडलेल्या फटीत आहे. महाग कुलूप म्हणजे ही फट कमी केलेलं कुलूप, दुसरं काही नाही. (बरं, थोडं दुसरंही असतं. पिनांना कंबर देतात, म्हणजे ती मधेच खोटी बसते आणि हाताला वाटतं की झालं. पण ते पुढचं.) तुमचा भाचा फिटर आहे, त्याला टॉलरन्स समजावायला नको. पहिल्या वाचनात डोक्यात शिरेल.

निपाणीची_लेक
उद्यमबागकर दादा, लिहिलंय झकास, पण तुम्ही नाईट लॅच घेऊन बसलात आणि आजींच्या हातात होतं पितळी कुलूप. ते पिनांचं कशाला असेल?

माझ्या वडिलांची तंबाखूची वखार होती. दारावर मनगटाएवढ्या कडीची कुलपं. लहानपणी रविवारी त्यांच्या शेजारी बसून मी ती खोललेली बघायची. आत पिना वगैरे काही नाही. पत्त्यांसारख्या एकावर एक रचलेल्या पितळी पट्ट्या, प्रत्येकीला मागून बारीक स्प्रिंग. हेच लिव्हर. किल्लीचा एकेक दात एकेका पट्टीला उचलतो. प्रत्येक पट्टीत एक खाच असते, आणि सगळ्या खाचा एका ओळीत आल्या तरच बोल्टची खुंटी आत शिरते. पट्टी कमी उचलली तरी नाही, जास्त उचलली तरी नाही. आपल्याकडं गावोगावी दुकानाच्या शटरला, गोठ्याला, देवळाच्या दानपेटीला हीच कुलपं. गोदरेजचं नवतालसुद्धा सहा, सात, आठ लिव्हरमध्येच येतं.

आणि इंग्रजी पुस्तकं बहुतेक अमेरिकेची. तिकडं घरोघरी पिनांची कुलपं, म्हणून पुस्तकभर पिना. एमआयटीवाल्यात लिव्हर शोधून बघा, हाती काही लागायचं नाही. डेव्हिअंट ओलमचं 'प्रॅक्टिकल लॉक पिकिंग' (२०१०) आहे, आकृत्या इतक्या स्वच्छ की इंग्रजी न वाचताही कळावं. पण ते इमारतींची सुरक्षा तपासून देणाऱ्या लोकांसाठी लिहिलंय, तुमच्या गल्ल्यावर बसणाऱ्यासाठी नाही. माझं म्हणणं, पुस्तकाचं नाव नंतर, आधी अनुक्रमणिका उघडा. लिव्हरला स्वतंत्र प्रकरण आहे का? ब्लँकवर, म्हणजे दात न पाडलेल्या कोऱ्या किल्लीवर, घासून किल्ली बनवायचं प्रकरण आहे का? नसेल तर ते पुस्तक छंदवाल्यांचं, मिटून ठेवा.

उद्यमबागकर
मान्य ताई. पण मूळ तत्त्व पिनांवरच लवकर कळतं, हे मी सोडणार नाही. लिव्हरमध्येही अडकतं आणि सुटतं ते त्याच फटीमुळं.

निपाणीची_लेक
तत्त्व कळून शटर उघडत नाही दादा.

चिकोडीचे_मास्तर
'तिसरे गेट' यांच्या शंकेला १८५३ सालीच छापील उत्तर मिळालं आहे, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाचा कारागीर होता. त्याच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप मांडलेलं, आणि पाटी अशी की जो हे उघडण्याचं हत्यार करील त्याला २०० गिनी. साठ वर्षं कुणाला ते जमलं नाही. दुसरं नावाजलेलं कुलूप चबचं, १८१८ चं. निपाणीच्या ताईंनी सांगितलेल्याच लिव्हरचं, पण त्यात एक खोडी होती. कुणी उघडायला जाऊन एखादी पट्टी जास्त उचलली की कुलूप अडकून बसायचं, आणि मालकानं आपली किल्ली घातली की त्याला कळायचं, कुणीतरी हात लावून गेलंय. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाला अमेरिकेहून आल्फ्रेड हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. चबचं कुलूप त्यानं पंचवीसेक मिनिटांत उघडलं. ज्या खोडीनं चोर पकडायचा, त्याच खोडीनं त्याला आतली वाट दाखवली. ब्रामाच्या कुलपाला मात्र सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास बसला. इंग्लंडभर गहजब झाला. बँकांनी कुलपं बदलली म्हणतात, वर्तमानपत्रांत पत्रांवर पत्रं.

तेव्हाही हाच आक्षेप आला, की हे चारचौघांत करू नये, चोर शिकतील. त्यावर १८५३ मध्ये चार्ल्स टॉमलिन्सन यांनी संपादित केलेलं कुलपांच्या रचनेवरचं पुस्तक निघालं, हॉब्जच्याच माहितीवर. त्यातलं म्हणणं असं: चोर आपल्या धंद्यात हुशारच असतात, आपण शिकवू त्याहून जास्त त्यांना आधीच ठाऊक असतं. कुलपातली खोट लपवली तर अंधारात राहतो तो गिऱ्हाईक. हे पुस्तक आता कुणाच्याही मालकीचं नाही, नेटवर फुकट आहे. आणि त्यात पट्ट्यांची कुलपं तपशिलात आहेत, कारण तो काळच त्यांचा. पिनांचं आजचं नाईट लॅच येलनं नंतर, १८६० च्या दशकात काढलं. मालक, तुमच्या आजीबाईंचं कुलूप या पुस्तकाच्या जास्त जवळचं आहे.

तिसरे_गेट
मास्तर, माहिती उत्तम. मत बदललेलं नाही, पण थोडं सैल झालं आहे.

गणप्या_अनगोळ
पट्टी थोडी उचलली गेली म्हणायची.

वडगाव_विणकर
मास्तरांनी सांगितलेलं पुस्तक घ्या, पण फुकटचंच घ्या. छापील मागवलं तर फसाल. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून असंच एक जुनं यंत्रांचं पुस्तक मागवलं होतं. स्कॅन करून जशीच्या तशी छापलेली पानं, अक्षर वाचता येतं पण आकृत्या शाईचे डाग. कुलपाच्या पुस्तकात आकृतीच गेली तर राहतं काय?

हुक्केरी_वकील
दोन गोष्टी कायद्याच्या. पुस्तक वाचणं, बाळगणं गुन्हा नाही. मात्र हत्यारं वेळ बघून बाळगा. मुंबई पोलीस कायदा १९५१ (आता त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस कायदा) याच्या कलम १२२ मध्ये सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं साधन समाधानकारक कारणाशिवाय जवळ सापडलं तर कारवाई होते. आपण बेळगावकडचे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतो, आता आपल्याला कर्नाटक पोलीस कायदा १९६३ लागू आहे, पण तरतूद त्याच वळणाची. तेव्हा रात्री कुणाच्या घरी उघडायला जायची वेळ आली तर बोलावणाऱ्याचा फोन नंबर, दुकानाचं कार्ड, जमलं तर गल्लीतला एखादा ओळखीचा माणूस सोबत ठेवा. दुकानात वही घाला. नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर, कुलूप कसलं, सही. वही नीट असली की साहेबही नीट बोलतात.

कॅम्पातला_बाबू
वकीलसाहेब, तुमच्याच धंद्यातला एक माणूस वकिली सोडून कुलपांत गेला आणि त्याचं भलं झालं. अर्देशिर गोदरेज. १८९७ साली मुंबईत लालबागला शेड टाकून कुलपं करायला बसले.

हुक्केरी_वकील
रोज कोर्टातून घरी येताना मलाही तसंच वाटतं.

खडेबाजारचा_किल्लीवाला
मी कधी लिहीत नाही, नुसतं वाचतो. पण धागाच आमच्या पोटापाण्याचा निघाला. वडलांपासून हेच काम आमचं. पुस्तक एकपण वाचलं नाही, पण तुमी सगळ्यांनी लिहिलंय ते खोटं नव्हं.

किल्ली हरवलेलं कुलूप आलं की आमी ते उघडत बसत नाही, किल्लीच करतो. त्या कुलपाच्या भोकात बसंल अशी कोरी ब्लँक घ्यायची. चिमणीवर धरून काजळी धरवायची. कुलपात घालून हलकं फिरवायचं, जोर नाही लावायचा, जोर लावला की ब्लँक वाकली आणि काम गेलं. बाहेर काढून उन्हाकडं तिरकी धरायची. जिथं आत पट्टी घासलीय तिथं काजळी उडून टाचणीच्या टोकाएवढा चकचकीत ठिपका दिसतो. तिथं कानशीचा एक हात मारायचा. एकच. परत काजळी, परत आत. ठिपका दिसायचा थांबला की तो दात झाला, त्याला परत हात लावायचा नाही. असं करत सगळे दात. किल्ली फिरते तेव्हा कुलूपपण शाबूत, गिऱ्हाइकाला किल्लीपण मिळाली. निपाणीच्या ताई म्हणतात ते ब्लँकवर घासायचं प्रकरण, ते हेच. पुस्तकात असंल तर ते पुस्तक घ्या.

आणि मालक, एक पक्कं ध्यानात ठेवा. साबणावर नाहीतर मेणावर ठसा उठवून कोण आला की "ह्याची किल्ली करून द्या", तर हात जोडायचे. कुलूप घेऊन ये म्हणायचं. खरा मालक असंल तर कुलूप आणतो. वडील एवढ्यावर कधी पोलीस स्टेशनला गेले नाहीत.

उद्यमबागकर
हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा कुणीतरी. अण्णा, ठिपका बघायला भिंग वापरता का?

खडेबाजारचा_किल्लीवाला
आता वापरतो. पंचेचाळिशीनंतर कोण वापरत नाही?

कणकुंबीची_सर
अवांतर, पण मालकांच्या कामाचं. आमच्याकडं पावसात निम्म्या कुलपांची किल्ली हरवलेली नसते, आत गंजून पट्ट्या चिकटलेल्या असतात. लोक किल्ली मोडेपर्यंत पिळतात आणि मग तुमच्याकडं येतात. आधी डिझेल सोडून रात्रभर ठेवा, सकाळी हलक्या हातानं आपटा.

वडगाव_विणकर
आमच्या घरी खोबरेल घालायची पद्धत होती. थंडीत कुलूप उघडायचं नाही.

चिकोडीचे_मास्तर
उघडेल कसं? खोबरेल साधारण २४ अंशाखाली घट्ट होतं, आणि जानेवारीतली बेळगावची रात्र त्याच्या कितीतरी खाली जाते. शिवाय तेलाला धूळ चिकटते ती वेगळीच. पिनांच्या कुलपाला ग्रॅफाइटची पूड घालावी. पेन्सिलीचं शिसं किल्लीवर घासलं तरी चालतं.

गणप्या_अनगोळ
म्हणजे आमची आजी डोक्याला आणि कुलपाला एकच बाटली वापरायची, ते चूक होतं तर. दोन्ही उघडायची नाहीत थंडीत.

शहापूरची_वहिनी
कुणी गाडीच्या किल्लीचं सांगेल का? आमच्या ह्यांनी किल्ली कृष्णेत घातली, अंकलीच्या पुलावरून.

खडेबाजारचा_किल्लीवाला
वहिनी, आताच्या गाडीच्या किल्लीत चिप असते. मी घासून दिलेली किल्ली दार उघडंल, इंजिन सुरू करणार नाही. त्याला गाडीच्या कॉम्प्युटरला नवीन किल्लीची ओळख करून द्यावी लागते. शोरूमला जावा. खर्च ऐकून त्यांना परत पुलावर पाठवू नका म्हणजे झालं.

गोकाकचा_करदंट
पुस्तक मराठीत का कन्नडमध्ये यावर अजून एकही भांडण नाही? हा बेळगावचाच धागा ना?

गणप्या_अनगोळ
दोन्हीत नाही म्हणून शांतता आहे. एखाद्यानं काढलं की मुखपृष्ठावर कुठली भाषा वर, यावर पंचवीस वर्षं जातील.

निपाणीची_लेक
मालक, मूळ प्रश्न राहिलाच. दुकान चालवणाऱ्यासाठी एकच पुस्तक घ्यायचं तर बिल फिलिप्स यांचं 'द कम्प्लीट बुक ऑफ लॉक्स अँड लॉकस्मिथिंग'. मॅकग्रॉ-हिलचं आहे. माझ्या दोन्ही अटी त्यात बसतात, लिव्हरही आहे आणि ब्लँकवर घासून किल्ली करणंही. शिवाय कुलूप बसवणं, दुरुस्ती, धंदा कसा मांडायचा. इंग्रजी सोपं, प्रश्नोत्तरं दिलेली. खोट अशी की उदाहरणं अमेरिकन कंपन्यांची, ब्लँकचे नंबर तिकडचे. ती पानं सरळ उलटून जा. नवी आवृत्ती हजारात बसायची नाही, जुनी चालेल. लिव्हरच्या पट्टीला आवृत्ती कळत नाही.

उद्यमबागकर
ताईंशी सहमत, आणि माझ्या एमआयटीला अजूनही चिकटून. आधी फुकटचं, मग फिलिप्स.

तिसरे_गेट
भंगारातली दहा-पंधरा जुनी कुलपं वजनावर आणा आणि रिव्हेट घासून खोला, असं कुणीच कसं सुचवलं नाही? मी विरोधक असूनही सांगतो. अलीगढचं एक, दिंडीगलचं मिळालं तर एक. दिंडीगलच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हातानं करतात अजून. पुस्तकातली आकृती समोर ठेवून आतलं बघितलं की पुस्तक अर्ध्या किमतीत पडतं.

गणप्या_अनगोळ
काका, पूर्ण उघडलात की हो.

नंदगडचा_मालक
सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: एमआयटीची पीडीएफ भाच्याच्या मोबाइलवर टाकली, पिनांचं चित्र बघून तो म्हणाला हे तर सोपं आहे, म्हणजे अजून कळलेलं नाही. मास्तरांचं १८५३ चं पुस्तकही उतरवून घेतलं, त्यातली पट्ट्यांच्या आकृत्यांची पानं तेवढी झेरॉक्स करून दुकानात लावतो. फिलिप्सची जुनी प्रत एका ठिकाणी मिळतेय, विणकर म्हणतात तसं विक्रेत्याकडून आतल्या पानांचे फोटो मागवलेत, आकृत्या दिसल्या तरच पैसे. वही आजच घातली. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय.

किल्लीवाले अण्णा, एक विनंती होती. भाच्याला घेऊन एकदा तुमच्याकडं येऊन बसलो तर चालेल का? मधे बोलणार नाही, नुसतं बघू. आजींचं कुलूप मागून आणतो, तुम्ही घासा, तो बघेल. मजुरी तुम्ही सांगाल ती.

खडेबाजारचा_किल्लीवाला
या की. शनिवार सोडून कधीपण या, शनिवारी बाजाराची गर्दी असते, बोलायला सवड नसते. दुपारी तीननंतर ऊन समोरून येतं, ठिपका बघायला तीच वेळ बरी. पितळी जुन्या कुलपाची ब्लँक माझ्याकडं असंलच असं नाही. कुलपाच्या भोकाचा फोटो आधी पाठवा, किल्ली नळीची लागते का भरीव ते त्यावरून कळंल. नसली तर पितळी पट्टीतून कापून काढू, भाच्याला सांगा येताना स्वतःची त्रिकोणी कानस आण. माझी मी कुणाला देत नाही.